जिवलीच्या नावावर

८ ऑक्टोबर, मंगळवार

ही डायरी हेमंतने आणली. तो उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये औषधांच्या होलसेल दुकानात आहे. तिथे कंपन्यांच्या डायऱ्या, पेनं, घड्याळं असं काय काय फुकट येत असतं. कव्हरवर गुबगुबीत गोरं बाळ, आणि आत प्रत्येक पानाच्या तळाशी गरोदर बाईसाठी एक सल्ला. आजचा सल्ला: प्रसन्न राहा. बरं, राहते.

दहावा आठवडा चालू आहे. आधीची दोन गेली, एक आठव्या आठवड्यात, एक अकराव्या. म्हणून हेमंत सोडला तर अजून कुणाला सांगितलेलं नाही, सासूबाईंनाही नाही. दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून फॉलिक ॲसिड चालू केलं होतं. कॅम्प पाचच्या एका मॅटर्निटी होममध्ये मी सात वर्षं काढली, तिथल्या बायका तसंच करायच्या. आता मी बारवी धरणाच्या रस्त्याला एका उपकेंद्रात नर्स आहे, आणि इथल्या बाईचं नाव माझ्या वहीत चढेपर्यंत तिला चौथा नाहीतर पाचवा महिना लागलेला असतो.

मागच्या सिस्टर रक्तवाढीच्या लाल गोळ्या मुठीने वाटायच्या. मी रुजू झाले तेव्हा मागच्या ओढ्यात भरलेली पाकिटं सापडली. तेव्हापासून माझा नियम आहे: एक मंगळवार आड यायचं, कार्ड आणि आधीचं रिकामं पाकीट दाखवायचं, तरच पुढचं पंधरा गोळ्यांचं पाकीट मिळेल. गोळी खाल्ली की कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोळशाची एक रेघ ओढायची. लिहिता येत नसलं तरी रेघ ओढता येते. गर्दीत त्या रेघा बघायला मला वेळ होत नाही, पण पाकीट खोटं बोलत नाही. चार महिन्यांत आमचा आकडा तालुक्यात पहिला आला.

टेपाच्या वाडीची जिवली माझी सगळ्यात गुणी. चोवीस वर्षांची, तिसरी खेप, पाचवा महिना. रिकामं पाकीट जुन्या लुगड्याच्या हिरव्या धाग्याने बांधून आणते, वर छोटीशी गाठ. आज सगळ्यांसमोर ते उंच धरून दाखवलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज अंगणवाडीत बायकांची सभा घेतली. शेजारच्या तालुक्यात सोळा वर्षांची पोरगी बाळंतपणात दगावली म्हणून वरून सूचना आल्या आहेत. मी स्वच्छ सांगितलं, "अठराच्या आतली कुणी गरोदर असली तर तिचं वय मला लिहावं लागेल. वय लिहिलं की पोलिसांना कळवावं लागेल. नवऱ्याला उचलतील. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

जिवलीनेच तोंड उघडलं. "आन् नाव लिवलंच नाय तं, बाय?"

"नाव नाही तर गोळी नाही, इंजेक्शन नाही, काहीच नाही."

तिने मान हलवली, पटल्यासारखी. परत येताना मीना, आमची आशा ताई, सबंध रस्ता गप्प होती. एरवी तिचं तोंड बंद करायला लाच द्यावी लागते. माझ्या मते तिला माझा आवाज जरा चढा वाटला असणार. वाटू दे. भीती बसली तर निदान लग्नं थांबतील.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

उलट्यांनी जीव नको झालाय. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात बाहेर. तोंडाला लोखंडाची चव.

जिवलीने आज विचारलं, "येक जास्तीचं पाकीट मिळंल का?" मी म्हटलं, ज्याच्या नावावर त्यालाच. मग म्हणते, "गोळी येक दिस आड खाल्ली तं चालंल? आन् घरातल्या दुसऱ्या कुनी खाल्ली तं काय वंगाळ व्हतं का?"

हसू आलं. या लोकांना वाटतं औषध म्हणजे प्रसाद, सगळ्यांनी थोडा थोडा घ्यायचा. समजावलं, रोज एक, तूच खायचीस. "व्हय बाय," म्हणाली. पोर गोड आहे.

२ नोव्हेंबर, पाडवा

सासूबाईंना सांगितलं. बारावा उलटून गेला. त्यांनी लगेच माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आमच्या शिरगावच्या बिल्डिंगीत सगळीकडे फटाक्यांचा धूर, मला मळमळ.

मधे आठ दिवस गोळी घेतली नव्हती. बेसिनमध्ये टाकायचे आणि नळ सोडायचे. हेमंतला खरं सांगितलं तर तो रागावला नाही, दुसऱ्याच दिवशी दुकानातून वेगळ्या कंपनीची घेऊन आला. सेठ म्हणाले म्हणे, "भाभी को बोलो, इंपोर्टेड माल है, उलटी नहीं होगी." खरंच झाली नाही. पोटभर नाश्ता करून घ्यायची.

परवा मात्र वाडीतल्या एकीला झापलं, "मळमळतं म्हणून गोळी सोडली" म्हणाली म्हणून. म्हटलं, बाळापेक्षा तुझं मळमळणं मोठं का?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी मीनाबरोबर टेपाच्या वाडीवर गेले. भात झोडून झालंय, अर्धी घरं बंद. माणसं वीटभट्ट्यांवर गेलीत. जिवलीचा नवरा सखा इथेच राहिला, बायकोला दिवस आहेत म्हणून. बरा माणूस वाटतो.

त्यांच्याकडे जिवलीची धाकटी बहीण आलेली आहे. गंगू. हाडकुळी, मोठे डोळे. ऐन दुपारी अंगात सखाचा ढगळ स्वेटर घालून बसलेली. मी म्हटलं, "काय गं, थंडी वाजते का तुला? शाळा सोडलीस का?" ती आत पळाली. जिवली म्हणाली, "ती लाजते. कामाला आनलीय मदतीला." मीनाला एकदम निघायची घाई झाली.

जिवलीने मला काळ्या चहाबरोबर भाकरीचा चतकोर दिला. तिने स्वतः घेतला नाही. म्हणाली, जेवण झालंय. चुलीवर तर काही दिसलं नाही. मी जाता जाता सांगितलं, नाचणी खात जा, नाचणीत लोह असतं.

३ डिसेंबर, मंगळवार

जिवलीचं एचबी ८.१. विश्वास बसेना, दोनदा काढलं. दोन महिने झाले, पाकिटं रिकामी, आणि रक्त वाढायचं सोडून उतरलंय. काही बायकांच्या अंगाला लोह लागतच नाही, जंत असतात, चहा असतो. जंताची गोळी दिली, आणि नियमाप्रमाणे डोस दुप्पट केला. आता दर वेळी दोन पाकिटं.

दोन पाकिटं हातात ठेवली तर तिचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. गोळ्या मिळाल्या म्हणून एवढी खूश झालेली बाई मी जन्मात पाहिली नाही. माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला.

घरी येऊन हेमंतला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी फॅन आहे."

१७ डिसेंबर, मंगळवार

७.६. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर भागणार नाही, बदलापूरला पाठवा, सलाईनमधून लोह चढवावं लागेल, तीन-चार खेपा. जिवलीला अर्धा तास समजावलं. ऐकायलाच तयार नाही.

"दिसभर घर सोडून नाय जमायचं, बाय."

"का? सखा आहे, बहीण आहे तुझी."

"तिलाच कशी सोडू?" म्हणाली आणि जीभ चावली. मग म्हणे, तिला भीती वाटते एकटीला.

एवढ्या मोठ्या पोरीला दिवसाढवळ्या कसली भीती! मला राग आला. रजिस्टरमध्ये लिहिलं: रेफर केले, समुपदेशन केले, लाभार्थी तयार नाही. सही घेतली, म्हणजे अंगठा.

माझं बाळ आज पहिल्यांदा हललं. बसमध्ये. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार

जिवली गेली.

१० जानेवारी

काल सकाळी कळा आल्या. दिवस पुरे भरले नव्हते. गाडीला फोन झाला, पण गाडी वाडीपर्यंत चढत नाही, खालच्या फाट्यावर थांबते. सखा आणि आणखी तिघांनी झोळी करून उतरवलं. वाटेतच मुलगी झाली. मग रक्त थांबेना. मी फाट्यावर पोचले तेव्हा ती शुद्धीत होती. ओठ पांढरे, पार कागदासारखे. मी पोट चोळत होते, इंजेक्शन दिलं, तिच्या नावाने ओरडत होते. तिने माझा पदर धरला आणि एवढंच म्हणाली, "बाय, पाकीट बंद करू नका."

बदलापूरच्या अलीकडे गेली. अंगात रक्तच नव्हतं तर जाणार किती?

मुलगी जिवंत आहे. तिच्या आजीने, वेणूबाईने, गोधडीत गुंडाळून परत वर नेली.

माझ्या साडीच्या पदरावर पाच बोटं उमटली होती. घरी येऊन धुतली. सासूबाई म्हणाल्या, फेकून दे, पोटुशीने असली साडी ठेवू नये. मी धुऊन ठेवली.

२० जानेवारी, सोमवार

दहा दिवस रजेवर होते, चौदाचं वाटपही मीनाने मी मोजून दिलेल्या पाकिटांतून उरकलं. आज चौकशीला हजर झाले. वरचे तीन अधिकारी आले होते. मी जिवलीच्या कार्डाची कार्यालयातली प्रत, पाकिटांची नोंद, अंगठा, सगळं समोर ठेवलं. प्रत्येक पाकीट परत आल्याची तारीख. एक साहेब म्हणाले, "सिस्टर, इतकं चोख रेकॉर्ड आम्ही बघितलं नाही. तुमच्याकडून काही राहिलेलं नाही."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

येताना मीनाने दाखवलं, वाडीकडून उतरणाऱ्या पायवाटेवर नाचणीचे दाणे विखुरले होते, थेट ओढ्यापर्यंत. बाळंतपणात गेलेली बाई परत येते म्हणतात. येताना तिला वाटेवरचा एक न् एक दाणा वेचावा लागतो, तोवर उजाडतं, म्हणून दाणे टाकतात. "अजून टाकतात?" मी विचारलं. मीना म्हणाली, "लोकांना भीती वाटते ना, मॅडम. तुम्हाला नाही वाटत?"

मी म्हटलं, मी शिकलेली बाई आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

साडेनऊला उपकेंद्र उघडलं. वाटपाच्या खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरच्या बाजूला, दोन रिकामी पाकिटं. हिरव्या धाग्याने बांधलेली. वर छोटीशी गाठ.

मीनाला हाक मारली. तिने बघितलं आणि तिचाही चेहरा उतरला, पण माझ्यासारखा नाही. ती म्हणाली, "पोरं असतील मॅडम. नाहीतर एक काम करा, एक भरलेलं ठेवा तिथं. काय जातंय?"

"मेलेल्या बाईला गोळ्या देऊ?"

"ठेवा ना. असू द्या."

मीनासारखी बाई, कोविडच्या लशीसाठी दारोदार फिरून लोकांना पटवणारी, तिने भुताला नैवेद्य ठेवायला सांगावं याचं वाईट वाटलं. पाकिटं मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन टाकली. खिडकीला आतून कडी लावली.

बाळ दिवसभर हललं नाही. संध्याकाळी गूळ खाल्ला तेव्हा हललं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाटपाचा मंगळवार नाही. तरी होती.

तीच दोन पाकिटं. एकाचा कोपरा मी टाकताना दुमडला होता, तो तसाच. खड्ड्यातून काढून कुणीतरी धुतली होती, त्यांच्यावर माती नव्हती. तोच हिरवा धागा. आणि शेजारी पळसाच्या पानावर मूठभर नाचणी.

दाणे वेचून झाले तिचे.

हे वाक्य मीच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. खोडत नाही. मला तसंच वाटलं. मी कट्ट्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, "जिवली, मी काय करायला हवं होतं गं? मी दिल्या होत्या गोळ्या. तू खाल्ल्यास ना?" मग भान आलं. शेजारी फक्त एक बकरी होती.

पानाच्या तळाशी आजचा सल्ला: मनात वाईट विचार आणू नका.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाकिटं नव्हती. आज कार्ड होतं.

जिवलीचं कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत, हिरव्या धाग्याने बांधलेलं. मी दर वेळी दारात काय विचारते? "कार्ड आणलं का? पाकीट आणलं का?" पाकिटं आणून झाली होती. आज कार्ड आणलं.

माझ्याने उघडवलं नाही. कपाटात सगळ्यात खाली, जुन्या रजिस्टरांखाली ठेवलं आणि कुलूप घातलं. पुढ्यात चाळीस बायका बसलेल्या, मी गोळ्या वाटत होते आणि माझी नजर सारखी कपाटाकडे. एकीला दोनदा दिलं. तिने परत केलं.

मीनाने जाताना विचारलं, "मॅडम, खिडकीत काही होतं का आज?" मी नाही म्हटलं. ती उभीच राहिली. "नक्की ना?" मी ओरडले तिच्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं तीही घाबरली आहे, फक्त कबूल करत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिरगावच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. माझं एचबी १२.२. बाळाचं वजन छान, सगळं छान. डॉक्टर म्हणाल्या, "सुषमा, तुझा चेहरा असा का?" काही सांगितलं नाही. बाहेर पडल्यावर हेमंतने शहाळं पाजलं. पिता पिता रडू आलं, तो बिचारा शहाळेवाल्याकडेच बघत राहिला.

मी जिवलीला विचारलं नव्हतं की ती सकाळी काय खाते. इतक्या महिन्यांत एकदाही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज खिडकीत काहीच नव्हतं. सुटले असं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. काहीतरी संपलं असं वाटलं. दार लावून घेतलं आणि कपाट उघडलं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला माझंच अक्षर. वजन, एचबी, तारखा. मग मागची बाजू.

कोळशाच्या रेघांच्या दोन ओळी होत्या.

वरच्या ओळीत ठसठशीत, सरळ रेघा. खालच्या ओळीत बारीक, थोड्या तिरक्या. दुसरा हात. वर रेघ आहे तिथे खाली रिकामं, खाली रेघ आहे तिथे वर रिकामं. एक दिवस हिची, एक दिवस तिची. असं सुरुवातीपासून. तीन डिसेंबरच्या आसपास, मी दुसरं पाकीट दिलं तिथून, दोन्ही ओळी भरून, रोज एकेक. मग वरची ओळ थांबली. ती कुठे थांबली हे मोजायची गरज नव्हती. त्यानंतर फक्त खालची. बारा बारीक रेघा, आणि पुढे कोरं.

मी खुर्चीवर बसले. एकदम सगळं आठवलं. जास्तीचं पाकीट. एक दिवस आड. घरातल्या दुसऱ्या कुणी खाल्ली तर. ऐन दुपारी अंगात स्वेटर. तिलाच कशी सोडू. पाकीट बंद करू नका.

तीन महिने मी हे कार्ड दर वेळी हातात घेऊन परत दिलं. एकदा उलटून बघितलं असतं!

मीनाला बोलावलं. कार्ड समोर ठेवलं. ती खाली बघून म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगितलेलं ना सभेत, नाव लिहिलं की पोलीस. गंगू सोळाची. तिचा नवरा संदीप, एकोणीस वर्षांचा, भट्टीवर विटा थापतो. त्याला उचलला तर तिला कोण बघणार? जिवली म्हणाली, माझ्या नावावरचंच दोघी खाऊ. मी म्हटलं ठेवा खिडकीत एक पाकीट. तुम्ही कडी लावली."

मी कडी लावली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच वर गेले. मीना पुढे, मी मागे, दर वीस पावलांवर दम. हेमंतला खालच्या फाट्यावर गाडी घेऊन थांबायला सांगितलं होतं.

गंगू उंबऱ्याच्या आत बसली होती. मांडीवर जिवलीची मुलगी, मांडीला टेकलेलं स्वतःचं पोट. आठवा असेल. खालची पापणी ओढून बघितली, लाली नावाला नाही. नखं पांढरी. बसल्या बसल्या धाप लागत होती. मी कशाला आले हे कळल्यावर बाळाला घट्ट धरून मागे सरकली.

"पाकिटं तू ठेवलीस?"

"व्हय."

"आणि नाचणी?"

"फुकट कसं मागू? तुमीच म्हनल्या व्हत्या नाचनीत रगत असतं. म्हून तुमच्यासाठी ठिवली. तुमाला बी दिस हायेत ना."

ती मूठभर नाचणी मी काठीने ढकलून ओढ्यात टाकली होती.

म्हटलं, चल, दवाखान्यात जायचं, आत्ताच. सखा भिंतीकडे तोंड करून बसलेला. गंगू उठली, दाराशी आली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाय, माजं नाव नका लिवू. जिवलीचंच लिवा. तिचं कार्ड हाय ना. ती कुटं सांगाया येनाराय?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

एचबी ५.९. कालच रक्त चढवायला सुरुवात केली, आज दुसरी बाटली. फॉर्म भरताना तिथल्या सिस्टरने विचारलं, नाव? वय? गंगू माझ्याकडे बघत होती. माझ्या पर्समध्ये जिवलीचं कार्ड होतं.

मी खरं लिहिलं. गंगू संदीप. वय सोळा. जिवलीचा रक्तगट बी होता, गंगूचा ओ आहे. कार्डावरून कुणी चुकीची बाटली लावली असती तर? हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे. मी नियमाची बाई आहे, हेही खरं आहे. तिने तोंड फिरवलं ते अजून वळवलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पोलीस शनिवारी भट्टीवर गेले. संदीपला घेऊन आले, चौकशी चालू आहे. काल गंगूला मुलगा झाला, सोळाशे ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे. दोघं जगतील असं डॉक्टर म्हणतात. सखा म्हणे पेटीसमोर उभा राहून ढसाढसा रडला.

आज वाटप होतं. टेपाच्या वाडीवरून एकही बाई आली नाही. खालच्या दोन पाड्यांवरूनही नाही. चाळीसच्या जागी अकरा. मीना घरोघर फिरून आली, सगळ्या म्हणतात, आम्हाला नको, आम्ही बऱ्या आहोत. एकीने दारच उघडलं नाही.

तालुक्याचा तक्ता भरायचा आहे. या वेळी आम्ही पहिले नाही.

११ मार्च, मंगळवार

बत्तिसावा आठवडा. पायांवर सूज आहे. पुढच्या महिन्यापासून रजा, बदली सिस्टर कोण येते कुणास ठाऊक. चांगली असू दे.

साडेनऊला पोचले. खिडकीच्या कट्ट्यावर तीन रिकामी पाकिटं होती. जुनी, चुरगळलेली, कुठे कुठे जपून ठेवलेली असतील. एक लाल धाग्याने बांधलेलं, एक केसांच्या काळ्या रबराने, एक पळसाच्या सालीने. कार्ड एकाचंही नाही.

तीन. एवढ्याशा डोंगरावर आणखी तीन, ज्यांची नावं माझ्या वहीत नाहीत. बहुधा माझ्या सभेत समोरच बसलेल्या कुणाच्या तरी बहिणी, नणंदा, जावा. आता त्यांना जिवलीही नाही.

मीना माझ्याकडे बघत राहिली. मी कपाट उघडलं. तीन भरलेली पाकिटं काढली आणि त्याच जागी ठेवली. प्रत्येकाखाली शेंगदाण्याच्या लाडवांची एकेक पुडी, सासूबाईंनी माझ्यासाठी बांधून दिले होते त्यांतली. मग आत आले, खिडकीची कडी काढून ठेवली आणि खिडकीकडे पाठ करून बसले. मीनालाही तसंच बसवलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बाहेर पाचोळा वाजला, एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. बाळ पोटात फिरत होतं. मी मागे वळून बघितलं नाही.

हे असं कायमचं चालणार नाही, मला माहीत आहे. त्यांना गोळ्यांइतकाच दवाखानाही लागणार आहे, आणि त्यांना तिथे कसं न्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. उद्या मीनाबरोबर वर जाणार आहे, वही न घेता.

पाकिटं गेली, म्हणजे साठ्यातून तीन कमी झाली. तीन कुणाला दिली ते लिहिल्याशिवाय रजिस्टर बंद करता येत नाही. मी पेन उघडलं, आणि एकाखाली एक, चांगल्या अक्षरात, तीन ओळींत लिहिलं. जिवली. जिवली. जिवली.